सुती कापडाचा जंतुरोध: हिरड्यापासून प्लाझ्मापर्यंत

मोहेंजोदडोच्या उत्खननात १९२०च्या दशकात चांदीच्या एका भांड्याला चिकटलेले कापडाचे काही तुकडे मिळाले. ते तपासणीसाठी मुंबईला, माटुंग्याच्या टेक्नॉलॉजिकल लॅबोरेटरीत आले. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२४ मध्ये सुरू केलेली ही प्रयोगशाळा आज ‘सिरकॉट’ या नावाने ओळखली जाते. ए. एन. गुलाटी आणि ए. जे. टर्नर यांनी १९२८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. धागा कापसाचाच होता. कापडाला मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीचा रंग दिलेला असावा, असेही या तुकड्यांवरून दिसले. या उपखंडाच्या ओलसर मातीत सुती कापड फार लवकर नाहीसे होते. हे तुकडे चार हजारांहून अधिक वर्षे राहिले, कारण भांड्याच्या धातूचे क्षार धाग्यात उतरले होते आणि त्या क्षारांनी बुरशीला व जिवाणूंना जवळ येऊ दिले नव्हते. जंतूंपासून बचावलेल्या सुती कापडाचा हा फार जुना नमुना असा योगायोगाने घडलेला आहे. जे तिथे आपोआप झाले, ते मुद्दाम घडवून आणण्याचा प्रयत्न माणसाने पुढे अनेक मार्गांनी केला. हिरड्याचे पाणी, ऐनाची साल, कात, कार्बोलिक अॅसिड, चांदी आणि आता प्लाझ्मा हे त्या प्रयत्नातले टप्पे आहेत.

कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी. पाणी धरून ठेवणे हा कापसाचा गुण, म्हणूनच तो उन्हाळ्यात अंगाला बरा वाटतो. पण तोच गुण सूक्ष्मजीवांनाही मानवतो. त्यांच्यापासून होणारा त्रास दोन प्रकारचा असतो. बुरशीच्या काही जाती सेल्युलोजच खातात. कापडावर काळे-हिरवे ठिपके पडतात, धाग्याचा जोर जातो आणि शेवटी कापड हाताने फाटते. जिवाणूंचा प्रकार वेगळा आहे. ते बहुधा कापडाला हात लावत नाहीत. त्यावरचा घाम, त्वचेचे कण, खळ, रक्त, पू यांवर जगतात. त्यांच्यामुळे कापडाला वास येतो, आणि रुग्णाचे कापड असेल तर रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पहिल्या प्रकारात कापडाला वाचवायचे असते, दुसऱ्यात माणसाला. हे दोन हेतू इतिहासात पुष्कळ काळ वेगवेगळ्या लोकांच्या हाती राहिले. पहिला रंगारी, कोळी आणि गिरणीवाल्यांकडे होता, दुसरा वैद्य आणि सुइणींकडे.

वैद्यांची बाजू आधी पाहिली पाहिजे, कारण तिचे लिखित पुरावे जुने आहेत. सुश्रुतसंहितेत जखम बांधण्याच्या साधनांत कापसाच्या वस्त्राचा उल्लेख आहे. व्रण झालेल्या रुग्णाच्या खोलीत मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी असेही तिथे सांगितले आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर थेट कापडाचाच विचार येतो. नवजात बालकाचे कपडे, अंथरूण, पांघरूण यांना जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड इत्यादींचा धूर द्यावा, असा तो विधी आहे. त्या काळी जंतू ही कल्पना नव्हती. धुरीमागे रक्षणाची, बाधा टाळण्याची भावना होती. पण निवडलेली द्रव्ये बघितली तर ती नुसत्या सुगंधासाठी घेतलेली नाहीत हे कळते. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी, तिच्यावर टाकलेला ओवा, वेखंड आणि धूप, आणि त्या धुरावर धरलेली बाळाची दुपटी ही त्याच परंपरेची घरगुती शाखा. यात एक मर्यादा होती आणि ती वापरणाऱ्यांना ठाऊक होती. धुराचा परिणाम टिकत नाही, दुपटे धुतले की पुन्हा धुरी द्यावी लागते. म्हणूनच तो रोजचा विधी झाला.

रंगाऱ्यांची बाजू याहून वेगळी. कापसाला रंग सहज बसत नाही. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे असल्याने वनस्पतीचा रंग ते पटकन धरतात. सेल्युलोजला मात्र त्याचे फारसे सोयरसुतक नसते. भारतीय रंगाऱ्याने यावर जी युक्ती काढली तिचा पहिला टप्पा हिरडा. हिरड्याच्या फळात टॅनिनचे प्रमाण भरपूर असते. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, वाळवायचे, मग तुरटीचे पाणी द्यायचे आणि त्यानंतर मंजिष्ठेत उकळायचे. टॅनिन सेल्युलोजला धरते, तुरटीतले अॅल्युमिनियम टॅनिनला धरते आणि रंग अॅल्युमिनियमला. ही साखळी इतकी घट्ट बसते की सिंध-कच्छकडच्या अजरख छपाईत आजही हिरड्याशिवाय काम सुरू होत नाही. रंगाऱ्याचे लक्ष रंगावर होते. परंतु टॅनिन हे द्रव्य झाडाने स्वतःच्या सालीत आणि फळात बुरशी व किडीविरुद्धच साठवलेले असते. ते प्रथिनांना चिकटते आणि जिवाणूंच्या पेशींवरचे आवरण व त्यांची विकरे निकामी करते. म्हणजे पक्का रंग मिळवण्याच्या खटाटोपात कापडाला जंतुरोधही थोडाफार मिळत होता. सह्याद्रीतल्या हिरड्याला पुढे कातडी कमावण्याच्या धंद्यामुळे परदेशात मोठी मागणी आली. एकोणिसाव्या शतकाच्या युरोपी बाजारात हिरड्याची एक प्रत ‘व्हिंगोर्ला’ नावाने विकली जाई, ती वेंगुर्ले बंदरावरून. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबे आजही बाळहिरडा गोळा करतात.

वनस्पतीचा अर्क केवळ कुजण्याविरुद्ध वापरण्याची सर्वांत स्पष्ट परंपरा मात्र मासेमारीत होती. सणाचे किंवा सुताचे जाळे खाऱ्या पाण्यात सतत भिजते, त्यात मासळीचे अवशेष अडकतात, आणि ते ढिगाने पडून राहिले की आतून तापून कुजते. कोकण किनाऱ्यावर यावर उपाय होता तो सालीचा. ऐनासारख्या झाडाची साल ठेचून मोठ्या भांड्यात उकळायची आणि त्या तांबड्या काढ्यात जाळे बुडवून वाळवायचे. युरोपातल्या कोळ्यांनी आधी ओकची साल वापरली. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर विणलेली सुती जाळी आली, आणि त्यांच्यासाठी भारतातून व ब्रह्मदेशातून आलेला कात अधिक सोयीचा ठरला. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची तपकिरी-तांबडी शिडे ज्या रंगाने ओळखली जात, तो रंग खैराच्या गाभ्यातून निघालेला होता.

कातामागे कष्ट कोणाचे, हेही सांगायला हवे. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांच्या जंगलात खैर तोडून त्याच्या गाभ्याच्या चकत्या मातीच्या मडक्यांत तासन् तास उकळायच्या, काढा आटवायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या हे काम कातकरी करीत. जमातीचे नावही या धंद्यावरून पडले. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढत गेली, खैर हाताशी राहिला नाही, आणि या लोकांना कोळसाभट्ट्या, वीटभट्ट्या व शेतमजुरीकडे वळावे लागले. खैराची रासायनिक जाण पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या जमातीला त्या ज्ञानाचा मोबदला कधीच मिळाला नाही, ही या इतिहासातली बोचणारी गोष्ट आहे.

जाळ्याला दिलेली साल किंवा कात हळूहळू पाण्यात विरघळून जाई. त्यामुळे हंगामात ते काम पुन्हा पुन्हा करावे लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात काताच्या बुडवणीनंतर मोरचुदाचे अमोनियायुक्त पाणी देण्याची पद्धत आली. तांबे टॅनिनला बांधून ठेवत असे आणि स्वतःही बुरशीला मारक होते. रंगाऱ्याने तुरटीने जे साधले, तेच इथे तांब्याने साधले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनची जाळी आली, ती कुजतच नाहीत. भारताच्या किनाऱ्यावरही काही दशकांत सुती जाळे आणि सालीचे हंडे दोन्ही मागे पडले.

गिरणीच्या जगात कुजण्याचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. लँकेशायरचे विणकर त्यासाठी आंबवलेले पीठ आणि चरबी वापरीत. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेचा कापूस तुटला, आखूड धाग्याच्या सुरती कापसावर भागवावे लागले, आणि वजन भरून काढण्यासाठी खळीत चिनी माती मोठ्या प्रमाणात मिसळली जाऊ लागली. असे जड खळीचे कापड अनेक आठवडे जहाजाच्या पोटात राहून मुंबई-कलकत्त्याच्या गोदीत उतरले की गाठी उघडताच बुरशीचे डाग दिसत. व्यापारी नुकसानभरपाई मागत आणि मँचेस्टरचे रसायनतज्ज्ञ कोणाच्या खळीत काय मिसळले होते याचा तपास करीत. १८७७ आणि १८८० मध्ये या एकाच विषयावर इंग्लंडात स्वतंत्र पुस्तके निघाली, इतका तो गाजला. उपाय ठरला खळीत झिंक क्लोराइड घालण्याचा. कापड उद्योगात जंतुरोधक रसायन नेमून वापरण्याची ही बहुधा पहिली मोठी घटना, आणि तिचे कारण भारतीय बाजारपेठेची दमट हवा होती.

याच सुमारास ग्लासगोमध्ये शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर दुसऱ्या बाजूने, म्हणजे वैद्याच्या बाजूने, कापडाकडे आला होता. ऑगस्ट १८६५ मध्ये त्याने एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिडमध्ये भिजवलेले कापड बांधले. १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निबंध आले. जखम सडते ती जंतूंमुळे, हे पाश्चरकडून घेतलेले सूत्र त्याने शस्त्रक्रियेत उतरवले. त्याला लगेच जी अडचण आली ती कोळ्यांना आणि रंगाऱ्यांना अनोळखी नव्हती. कार्बोलिक अॅसिड उडून जाते आणि जखमेच्या स्रावात धुऊन जाते. मग लिस्टरने स्वस्त मलमलीच्या पट्ट्यांत कार्बोलिक अॅसिडबरोबर झाडाची राळ आणि पॅराफिन मिसळले. राळ अॅसिडला धरून ठेवी आणि ते हळूहळू सोडी. पुढे १८८९ मध्ये त्याने पारा आणि जस्त यांच्या सायनाइड क्षाराची पट्टी सुचवली, तेव्हाही क्षाराची भुकटी कापडावरून गळू नये म्हणून त्याला रंगद्रव्याची मदत घ्यावी लागली. लिस्टरचा सिद्धान्त सर्वत्र सांगितला जातो. तो टिकवण्यासाठी त्याने कापडावर केलेली ही वर्षानुवर्षांची खटपट मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि कापडाच्या इतिहासात तीच अधिक मोलाची आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा कापडाकडे संशयाने बघण्याची ही नवी दृष्टी सरकारी मोहिमेत उतरली. घरे जंतुनाशकांनी धुतली गेली, अंथरुणे आणि कपडे उकळले किंवा जाळले गेले. पुण्यात १८९७ मध्ये हे काम ज्या सक्तीने झाले त्याने लोकांत मोठा रोष पसरला. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. गरिबांची जाळलेली गोधडी ही प्लेगची मुख्य वाट नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात कापूस कुजण्याचा प्रश्न अमेरिकी सैन्यापुढे आला. पॅसिफिकच्या बेटांवर सुती तंबू, पट्टे आणि पिशव्या काही आठवड्यांत सडत होत्या. सैन्याच्या पुरवठा विभागाने कुजलेल्या कापडावरच्या बुरश्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. सॉलोमन बेटांतल्या बूगनव्हिलहून आलेल्या तंबूच्या कापडावर क्यूएम ६ए या क्रमांकाची एक बुरशी मिळाली. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स यांनी पुढे अनेक वर्षे तिचा अभ्यास केला. १९७७ मध्ये रीझच्या सन्मानार्थ तिला ट्रायकोडर्मा रीझी हे नाव मिळाले. ही बुरशी सेल्युलोज तोडणारी विकरे अफाट प्रमाणात बनवते. सैन्याने तिला शत्रू म्हणून शोधले होते, आणि आज तिचीच विकरे जीन्सला जुनकट रूप देण्यासाठी व सुती कापडावरची लव काढण्यासाठी कारखान्यांत वापरली जातात. तंबूंच्या बचावासाठी मात्र त्या वेळी तांब्याचे क्षार हाच मुख्य आधार होता.

युद्धानंतर भर कापड वाचवण्यावरून माणसाच्या आरोग्यावर आणि घामाच्या वासावर आला. १९७०च्या दशकात सिलिकॉनयुक्त चतुर्थक अमोनियम संयुगे आली. ती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडली जातात, त्यामुळे धुण्यात टिकतात. ट्रायक्लोसान व पीएचएमबी ही जंतुनाशके आणि अनेक रूपांतली चांदी पायमोजे, अंतर्वस्त्रे, इस्पितळातल्या चादरी यांत शिरली. जपानमध्ये औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या इस्पितळी संसर्गाची धास्ती बसली, आणि तिथे अशा कापडांसाठी प्रमाणपत्राची शिस्तबद्ध व्यवस्था उभी राहिली. पण शंकाही त्याच वेगाने वाढल्या. २००८ मध्ये अॅरिझोना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारातल्या पायमोज्यांतून धुण्याच्या पाण्यात चांदी सुटते हे मोजून दाखवले. काही मोज्यांनी मोजक्या धुण्यांत जवळजवळ सगळी चांदी सोडली. युरोपीय संघाच्या २०१२च्या नियमाने जंतुनाशक लावलेल्या वस्तूंवर माहिती छापणे अनेक बाबतींत बंधनकारक केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हात धुण्याच्या साबणातून ट्रायक्लोसान काढायला लावले. नद्यांत, गाळात आणि माणसाच्या शरीरात साठणाऱ्या द्रव्यांना पर्याय हवा, ही मागणी इथून वाढली, आणि नजर पुन्हा वनस्पतींकडे वळली.

या वेळी वनस्पतींमागे आधुनिक रसायनशास्त्राचा आधार होता. हळदीतले कुरकुमिन १८१५ मध्येच वेगळे काढले गेले होते आणि १९१० मध्ये त्याची रचना कळली. कडुनिंबाच्या तेलातून सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये निम्बिन आणि निम्बिडिन वेगळे केले. अॅझाडिरॅक्टिन १९६८ मध्ये इंग्लंडात मिळाले. १९९०च्या दशकात याच झाडांवरून पेटंटांचे वाद झाले. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर दिलेले अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. निंबोळी तेलाच्या बुरशीनाशक वापरावरचे युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. या लढ्यांमुळे घरगुती ज्ञानाला कागदोपत्री मान मिळाला, आणि वस्त्ररसायनाच्या प्रयोगशाळांत कडुनिंब, तुळस, हळद, कोरफड, डाळिंबाची साल यांच्यावर कामाची लाट आली.

लाट आली तरी जुना प्रश्न तसाच उभा राहिला. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी २००५ मध्ये कात, लाख, मायफळ, मंजिष्ठ आणि रुमेक्स या पाच नैसर्गिक रंगांची जंतूंवर परीक्षा घेतली. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ सर्वांत प्रभावी ठरले. पण हेच रंग कापडावर चढवले तेव्हा परिणाम उतरला, कारण जंतूला रोखायला जेवढे द्रव्य लागते तेवढे कापड उचलतच नव्हते. वाटीतल्या अर्कात गुण होता, धाग्यावर तो पुरेसा पोहोचत नव्हता. जे थोडे पोहोचे तेही दोन-चार धुण्यांत निघून जाई. त्यासाठी सायट्रिक अॅसिडसारखी जोडणारी द्रव्ये, कोळंबीच्या टरफलांतून मिळणारे कायटोसान, अर्क सूक्ष्म कुप्यांत बंद करून कापडावर बसवणे असे उपाय आले. प्लाझ्मा हा त्यांतला सर्वांत वेगळा उपाय आहे, कारण तो अर्काला काही करत नाही. तो कापडाची तयारी करतो.

प्लाझ्मा म्हणजे इतकी विजेची ऊर्जा मिळालेला वायू की त्याच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. वेर्नर फॉन सीमेन्सने १८५७ मध्ये बर्लिनमध्ये ओझोन बनवण्याची नळी केली. तिच्यात दोन विद्युत्-अग्रांमध्ये काच होती आणि हवेत मंद विसर्ग होई; कापडावर वापरल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांचे तत्त्व तेच आहे. विल्यम क्रुक्सने १८७९ मध्ये निर्वात नळीतल्या अशा वायूला पदार्थाची चौथी अवस्था मानले, आणि अर्व्हिंग लँगम्युरने १९२८ मध्ये त्याला प्लाझ्मा हे नाव दिले. ट्यूबलाइटच्या नळीतही तोच असतो. कापडासाठी हवा असतो तो थंड प्लाझ्मा. त्यातले इलेक्ट्रॉन प्रचंड ऊर्जेचे असले तरी वायू साधारण खोलीच्या तापमानाचा राहतो, म्हणून कापूस जळत नाही.

सुरुवातीची यंत्रे कमी दाबावर, म्हणजे निर्वातात चालत. कापडाचा तागा बंद पात्रात घालायचा, हवा उपसायची, प्रक्रिया करायची, पुन्हा हवा सोडायची, अशा चालीने रोज हजारो मीटर कापड काढणाऱ्या गिरणीचे काम भागणार नव्हते. टोकियोच्या सोफिया विद्यापीठात १९८८ मध्ये हेलियम वापरून नेहमीच्या हवेच्या दाबावर स्थिर, एकसारखा विसर्ग मिळवला गेला आणि सलग चालणाऱ्या यंत्राचा रस्ता उघडला. भारतात प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ मध्ये औद्योगिक उपयोगांसाठी गांधीनगरला स्वतंत्र केंद्र काढले. अंगोरा सशाची निसटती लोकर सूतकताईत नीट धरली जात नाही; तिच्यावर या केंद्राने हवेच्या दाबाचा प्लाझ्मा वापरला. आयआयटी दिल्ली आणि मुंबईची सिरकॉट या संस्थांतही कापडावरच्या प्लाझ्माचे काम झाले.

कापसावर प्लाझ्मा काय करतो हे पाहिले की त्याची उपयुक्तता उलगडते. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेण आणि पेक्टिनची पातळ साय असते. त्यामुळे पाण्याचा थेंब त्यावर उभा राहतो. गिरणीत ही साय कॉस्टिक सोड्यात उकळून काढतात, त्याला भरपूर पाणी, वाफ आणि वेळ लागतो. हवेच्या किंवा ऑक्सिजनच्या प्लाझ्मात कापड काही सेकंद ते काही मिनिटे ठेवले की त्यातले आयन आणि मुक्त मूलके पृष्ठभागावरचे मेण खरवडून काढतात आणि सेल्युलोजच्या साखळीवर कार्बोनिल व कार्बॉक्सिल गट निर्माण करतात. तंतूवर सूक्ष्म खाचा पडतात. ही सगळी उलथापालथ पृष्ठभागाच्या काही दहा नॅनोमीटर खोलीपुरतीच राहते. कापसाच्या तंतूची जाडी १२ ते २० मायक्रोमीटर, त्यामुळे आतला धागा शाबूत असतो. प्रक्रिया जास्त वेळ लांबली तर मात्र साखळ्या तुटून कापडाचा जोर कमी होतो. कापड प्लाझ्मातून निघाले की पाण्याचा थेंब त्यावर क्षणात पसरतो, आणि वनस्पतीच्या अर्कातली टॅनिने व इतर फिनॉलिक द्रव्ये नव्या गटांना हायड्रोजन-बंधाने धरतात. तुरटी किंवा मोरचूद जे काम मधला दुवा होऊन करीत, त्यातला काही भाग इथे कापडाचा पृष्ठभाग स्वतः करतो. पाणी वाचते, आणि सांडपाण्यात जाणारे धातूही कमी होतात.

कामाचा क्रम साधारण असा असतो. कापड प्लाझ्मातून काढून लवकरात लवकर अर्कात बुडवायचे, रुळांतून पिळायचे, वाळवायचे, आणि हवे असल्यास सायट्रिक अॅसिडसारखे द्रव्य घालून उष्णतेने पक्के करायचे. घाई महत्त्वाची आहे, कारण प्लाझ्माचा परिणाम उतरत जातो. नवे गट हळूहळू आत वळतात, हवेतले द्रव्य पृष्ठभागावर बसते, आणि काही दिवसांत कापड बऱ्याच अंशी पूर्वीसारखे होते. म्हणून प्लाझ्मा आणि अर्क या दोन प्रक्रिया एकाच छपराखाली, एकापाठोपाठ असाव्या लागतात.

परिणाम मोजण्याच्या रूढ पद्धती दोन. एका पद्धतीत जिवाणू वाढवलेल्या थाळीवर कापडाचा तुकडा ठेवतात आणि त्याच्या कडेने जंतू न वाढलेला पट्टा किती रुंद आहे ते पाहतात. दुसऱ्या, अमेरिकी वस्त्ररसायन संघटनेच्या शंभर क्रमांकाच्या पद्धतीत, कापडावर मोजलेले जिवाणू टाकून चोवीस तासांनी किती उरले ते मोजतात. वनस्पतीच्या अर्कांबद्दल रुंद पट्ट्याची छायाचित्रे पुष्कळ छापली जातात. परंतु रुंद पट्टा दिसतो तो द्रव्य कापडातून सुटून थाळीत पसरले म्हणून. म्हणजे ते कापडाला घट्ट बांधलेले नाही याचीच ती खूण असू शकते. धुण्यानंतरचा आकडा सोबत नसेल तर अशा छायाचित्रावरून काही ठरवता येत नाही. दुसरी गोष्ट जंतूंच्या प्रकाराची. वनस्पतीचे अर्क बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या ग्रॅम-धन जिवाणूंवर जोरदार चालतात. ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला यांच्याभोवती चरबीयुक्त बाह्य आवरण असते, त्यांच्यावर तोच अर्क निम्म्यानेही चालेल असे सांगता येत नाही.

वनस्पतीच्या स्वतःच्या अडचणीही कमी नाहीत. सांगलीची हळद आणि दुसरीकडची हळद यांत कुरकुमिन सारखे नसते. एकाच झाडाच्या पानात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात फरक पडतो. अर्क पाण्यात काढला की एक द्रव्य येते, अल्कोहोलमध्ये काढला की दुसरे. कुरकुमिन उन्हात फिके पडते, कडुनिंबाचा वास चादरीला नकोसा होतो, डाळिंबाची साल आणि कात कापडाला रंग देतातच. रुग्णालयाच्या पांढऱ्या कापडाला हा रंग अडतो. साध्या कुडत्याला किंवा पलंगपोसाला तो शोभून दिसतो. कारखान्याला दर खेपेला तोच परिणाम हवा असतो, आणि तो मिळवायचा तर अर्कातल्या सक्रिय द्रव्याचे प्रमाण दर वेळी मोजून ठरवावे लागते. पानांच्या वजनावर भिस्त ठेवून चालत नाही.

यंत्राच्या बाजूनेही हिशेब आहे. हेलियम महाग, हवेवर चालणारे यंत्र स्वस्त, पण त्यात एकसारखा विसर्ग राखणे कठीण, ठिणगी पडली तर कापडाला छिद्र पडते. ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे खेचून घेण्याची सोय करावी लागते. लोकरीला आकसण्यापासून वाचवणे आणि कृत्रिम कापडाला रंग व लेप धरायला लावणे या कामांत प्लाझ्मा कारखान्यांपर्यंत पोचला आहे. वनस्पतीचा अर्क दिलेल्या सुती कापडाबाबत तो अजून मुख्यतः प्रयोगशाळा आणि छोट्या प्रायोगिक यंत्रांपुरता आहे. २०२०च्या महासाथीत भारतीय बाजारात जंतुरोधक आणि विषाणुरोधक म्हणून विकल्या गेलेल्या बहुतेक कापडांत चांदी किंवा चतुर्थक अमोनियम संयुगेच होती.

सध्याच्या टिकाऊपणाला साजेल असा वापर आधी तिथे होईल, जिथे कापड धुवायचेच नसते. जखमेवरची पट्टी, शस्त्रक्रियेच्या वेळी पसरायचे आच्छादन, मुखपट्टी, एकदाच वापरायचे हातरुमाल. तिथे तंतूवर चढलेला अर्क पन्नास धुण्यांत टिकण्याची गरज नाही. जखमेच्या ओलाव्यात एक-दोन दिवस, ठरलेल्या प्रमाणात सुटत राहणे पुरेसे आहे. अशा पट्टीसाठी अर्काची मात्रा, त्याची त्वचेवरची सुरक्षितता, निर्जंतुक करताना गॅमा किरणांत किंवा वाफेत त्याचा गुण किती उरतो या गोष्टी मोजून नक्की कराव्या लागतात, आणि सुती जंतुरोधावरच्या कामाचा बराच भाग आता याच मोजणीकडे वळला आहे.